चाकाचा तुंबा

चाक फिरतांना आपण सारे पाहतों; परंतु तें कशाच्या आधारानें फिरतें, हें पाहण्याची पाळी माणसावर क्वचितच येते, आणि येते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. बैलगाडी हांकणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या चाकाचा तुंबा उघडा. आंस करकरूं लागला कीं गाडीखालीं टांगलेल्या नळ्यांतलें वंगण काढून तो जागच्या जागीं लावितो आणि वाटेला लागतो. सायकलीच्या तुंब्यानें (त्याला आतां सारें जग हब म्हणतें, आणि आम्हीही कधीं हें तर कधीं तें नांव वापरूं) आपलें पोट झांकून घेतलें आहे. त्याच्या आंत काय चाललें आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. तें कानांनीं ऐकावें लागतें, त्याहूनही बोटांनीं ओळखावें लागतें. आणि ज्यांचें आयुष्य छापील कागद वाचण्यांत गेलें, अशा आमच्यासारख्यांचीं बोटें या कामीं अगदींच अडाणी असतात.

आमची सायकल डोंगरी जातीची आहे. जाड, खांचांचे टायर, पुढें उसळी सोसणारा चिमटा, आणि दोन्ही चाकांना तबकडीचे ब्रेक. ती मूळची आमच्या चिरंजीवांची. ते नोकरीनिमित्त परगांवीं गेले, सायकल जिन्याखालीं राहिली, आणि पन्नाशी उलटल्यावर आम्हीं तिचा ताबा घेतला. वेताळ टेकडीच्या पायवाटा आणि सिंहगडाच्या पायथ्याचे कच्चे रस्ते, एवढीच आमची मजल. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेवढ्यांतही चाकें चिखलांत आणि ओढ्याच्या पाण्यांत अनेकदां बुडतात. पाणी हा बेअरिंगाचा खरा वैरी. बेअरिंग म्हणजे एकांत एक बसणाऱ्या दोन पोलादी कड्या, त्यांच्या मधल्या पन्हळींत फिरणारे छर्रे, आणि दोन्ही बाजूंना रबरी पडदे. पडदा झिजला, किंवा वाहनें धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखालीं चाक धरलें गेलें, कीं पाणी आंत शिरतें. आंतलें वंगण प्रथम ताकासारखें पांढुरकें होतें, मग पातळ होऊन निघून जातें, मग गंज धरतो. आणि गंजाचा एक कण छर्ऱ्याखालीं सांपडला म्हणजे तो स्वतःसारखे आणखी कण निर्माण करूं लागतो. पन्हळीला एकदां खरवड पडली कीं तिला औषध नाहीं.

गेल्या भाद्रपदांत मागच्या चाकांतून असाच एक आवाज येऊं लागला. दूरच्या घरांत कोणी जात्यावर भरड दळीत असावें, तसा तो होता. उतारावर वाढे, चढावर विरून जाई. घरच्या मंडळींनीं तो आमच्या आधीं ऐकला. “अहो, तुमची सायकल फाटकाशीं आली कीं हल्लीं मला न बघतां कळतं,” असें त्यांनीं एके सकाळीं सांगितलें, आणि त्याच वाक्याला जोडून, या वयांत डोंगर उतरण्याची हौस आतां पुरे करावी, असा प्रस्तावही मांडला. प्रस्तावांत तथ्य होतें. मागचें चाक उचलून, एका हातानें सांगाड्याची नळी धरून, दुसऱ्या हातानें रिम डावी-उजवीकडे हलविली कीं एक सूक्ष्म खटखट हाताला लागे. सपाट रस्त्यावर एवढ्या ढिलेपणाचें कोणाला कांहीं वाटणार नाहीं. सुट्या खडीच्या उतारावर, वळण घेतांना, मागचें चाक केसभर आपल्या मनानें वागूं लागलें म्हणजे मात्र स्वाराच्या पोटांत गोळा येतो.

शहरांतल्या एका मोठ्या, चकचकीत दुकानांत आम्ही तें चाक घेऊन गेलों. दुकानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. अशीं दुकानें आतां पुष्कळ आहेत, आणि एकाचें नांव घेतलें तर इतरांवर अन्याय होईल. तेथील तरुण सेवकानें चाक एकदां फिरविलें, भिंतीवरच्या नव्या चाकांकडे बोट दाखविलें, आणि “सर, हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही,” असा निकाल दिला. निकालाचीं कारणें दिलीं नाहींत. पंचवीस-तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला कारणांवांचून दिलेलें उत्तर मान्य होणें कठीण. आम्ही चाक उचललें आणि तसेच मिस्त्रींकडे गेलों.

मिस्त्रींचें दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीं चाळीसएक वर्षें आहे. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, त्या काळांत सकाळीं तेथें रांग लागे. आतां दुकानाच्या अर्ध्या भागांत त्यांचा पुतण्या मोबाइलचीं कव्हरें विकतो, आणि खरें सांगावयाचें तर भाडें त्या अर्ध्यावरच निघतें. मिस्त्रींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हावयाची आहे. त्यांनीं चाक मांडीवर आडवें घेतलें, आंसाचीं टोकें दोन्ही हातांच्या चिमटींत धरलीं, डोळे मिटले, आणि आंस अगदीं सावकाश फिरविला. पुतण्याच्या बाजूला कोणी गाणें लाविलें होतें. तें त्यांनीं हातानें खूण करून बंद करविलें.

“तुंबा चांगला आहे,” ते म्हणाले. “डावीकडचं बेअरिंग गेलंय. उजवीकडचं जायच्या बेतात आहे. पण सर, हे बंद डब्याचं काम. आमच्या वेळचं असतं तर इथंच बसून करून दिलं असतं.”

“आमच्या वेळचं” म्हणजे काय, हें ज्यांनीं डोंगरी सायकलींचा काळच पाहिला त्यांना सांगणें जरूर आहे. जुन्या हबाच्या दोन्ही टोंकांना पोलादी वाट्या बसविलेल्या असतात. त्यांत सुटे छर्रे. मागच्या चाकांत बहुधा पाव इंची, एका बाजूला नऊ. पुढच्यांत त्याहून बारीक, एका बाजूला दहा. आंसावर आटे, आणि त्या आट्यांवर फिरत येणारा शंकूच्या आकाराचा नट, ज्याला मिस्त्री ‘कोन’ म्हणतात. हा कोन छर्ऱ्यांना वाटींत दाबून धरतो. फार आवळला तर छर्रे भरडले जातात, सैल राहिला तर चाक डुगडुगतें. आणि बाहेरचा नट कसतांना कोन आणखी थोडा आंत सरकतो, म्हणून तो आधींच किंचित् सैल ठेवावा लागतो. किती सैल, हें कोणत्याही पुस्तकांत छापतां येणार नाहीं. वर्षांतून एकदां मिस्त्री हा सारा संसार उघडीत. छर्रे रॉकेलच्या बशींत पडत. तळहातावर फिरवून ते एकेक पारखीत, डाग पडलेला बाजूला टाकीत. वाटींत बोटानें ग्रीसचा लेप देऊन त्यांत छर्रे मोत्यांसारखे चिकटवून ठेवीत. या क्रियेला पुण्यांतल्या सायकलवाल्यांनीं ‘ओव्हरऑइलिंग’ असें नांव दिलें होतें, आणि मूळ इंग्रजी शब्दापेक्षां त्यांत अर्थ अधिक आहे असें आमचें प्रामाणिक मत आहे. अशी निगा राखलेला हब एका माणसाला जन्मभर पुरत असे.

हें सुट्या छर्ऱ्यांचें तंत्र आज जुनाट वाटतें. पण चाकाला छर्रे देण्याची युक्ति सायकलीच्या इतिहासांत केवढी क्रांतिकारक होती! पॅरिसच्या ज्यूल सुरिरे नांवाच्या कारागिरानें १८६९ मध्यें तिचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला जेम्स मूर यानें पॅरिस ते रूआं ही सुमारें १२३ किलोमीटरांची शर्यत छर्ऱ्यांच्या चाकांवर जिंकली. खरी अडचण होती ती छर्रे हुबेहूब सारखे आणि गोल करण्याची. ती फ्रीड्रिख फिशर यानें १८८३ मध्यें जर्मनींतल्या श्वाइनफुर्ट गांवीं घासणीचें यंत्र तयार करून सोडविली. तें गांव मग छर्ऱ्यांचेंच झालें. इतकें कीं दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीचीं सारीं यंत्रें बंद पाडावयाचीं तर आधीं श्वाइनफुर्ट पाडलें पाहिजे, असा हिशेब अमेरिकन सेनापतींनीं केला. १४ ऑक्टोबर १९४३ या एकाच दिवशीं त्या हल्ल्यांत त्यांचीं ६० अवजड बॉम्बफेकी विमानें परत आलीं नाहींत. बशींतल्या छर्ऱ्यासाठीं माणसें एवढी किंमत देतात, हें मिस्त्रींना सांगितलें तेव्हां ते कांहीं बोलले नाहींत; त्यांनीं फक्त एक छर्रा बोटानें पुढें-मागें केला.

डोंगरी सायकलीचा जन्म तर वंगणाशीं अधिकच जवळून जोडलेला आहे. कॅलिफोर्नियांत सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस फेअरफॅक्स गांवाजवळ एक कच्चा डोंगरी रस्ता आहे. साधारण दोन मैलांत तेराशें फूट उतरतो. जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन कांहीं तरुणांनीं २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तेथें पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबाच्या पोटांत असे. उतरतां उतरतां हब इतका तापे कीं आंतलें ग्रीस धुरासारखें उडून जाई, आणि खालीं पोंचल्यावर हब उघडून त्यांत पुनः ग्रीस भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच ‘रीपॅक’ पडलें : पुनः भरणें. तेथें उतरणाऱ्यांपैकीं जो ब्रीझ यानें १९७७ मध्यें डोंगरासाठींच म्हणून पहिला सांगाडा बांधला. म्हणजे ज्या खेळाच्या मुळाशीं प्रत्येक उताराला हब उघडण्याची संवय होती, त्याच खेळाच्या सायकलींत आज असा हब येतो कीं जो उघडूं नये अशीच त्याची रचना आहे.

बंद डब्याचें बेअरिंग दुरुस्त होत नाहीं. काढून टाकावयाचें आणि दुसरें बसवावयाचें. त्यासाठीं बोटांची पारख लागत नाहीं, नंबर लागतो. तो पडद्यावरच छापलेला असतो. आंसाचें टोपण ओढून काढल्यावर भिंगांतून आम्हांला तो वाचतां आला होता : ६९०२. नाना पेठेंत मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे. तेथल्या एका अरुंद दुकानांत जाऊन आम्ही सायकल, तिचें मागचें चाक, चाकाची कंपनी, अशी प्रस्तावना करूं लागलों. दुकानदारानें हात वर करून थांबविलें. “नंबर सांगा, काका.” नंबर सांगतांच त्यानें न उठतां मागच्या खणांतून दोन पुड्या काढल्या. या नंबरांचें व्याकरण मोठें मौजेचें आहे. शेवटचे दोन आंकडे आंतल्या भोंकाचा व्यास दाखवितात. ०४ पासून पुढें त्यांना पांचांनीं गुणावें, म्हणजे ०४ चा व्यास २० मिलिमीटर, ०५ चा २५. त्याखालचे चार मात्र अपवादसूत्रांप्रमाणें पाठच करावे लागतात : ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. तेव्हां आमचें बेअरिंग आंत १५, बाहेर २८, आणि जाडी ७ मिलिमीटर. पुढें ‘२ आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी पडदे. दोन झेड असतील तर पत्र्याचे, आणि ते धूळ अडवितात, पाणी अडवीत नाहींत. तें सायकलींत जाणार कीं एखाद्या पंपांत, हें बेअरिंगाला ठाऊक नसतें आणि दुकानदाराला विचारावयाचें नसतें.

दसऱ्यानंतरच्या रविवारीं गच्चीवर काम काढलें. ब्रेकची तबकडी आधींच सहा स्क्रू काढून दूर ठेविली होती; तिला ग्रीसचें बोट लागलें तर ब्रेक धरीत नाहीं, आणि ही गोष्ट उतारावर शिकण्यासारखी नव्हे. गियरचीं चक्रें ज्यावर बसतात तो फ्रीहब टोपण काढल्यावर हातानें ओढून निघाला. त्यांतल्या ज्या खिट्ट्यांना मिस्त्री ‘कुत्रे’ म्हणतात त्या आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा उडून जाऊं नयेत म्हणून खालीं पांढरें फडकें पसरलें होतें. मग आंस. त्याला मध्यें दोन कडा असतात, आणि त्या कडांना बेअरिंगें टेकलेलीं असतात. उजवीकडून आंसावर लाकडी हातोड्यानें ठोकलें कीं डावें बेअरिंग आंसासकट बाहेर येतें. आमचें चौथ्या ठोक्याला हललें. हलण्याच्या क्षणीं आवाज बदलतो : भरीव ठोक्याच्या जागीं एक पोकळ, मोकळा ठोका ऐकूं येतो. उरलेलें उजवें बेअरिंग आंतून पितळी ठोसा लावून काढावयाचें; ठोसा एकाच जागीं न ठेवतां समोरासमोर फिरवीत न्यावयाचा, नाहीं तर तें तिरपें होऊन ॲल्युमिनियमच्या भिंतीला ओरखडा काढतें, आणि तो ओरखडा म्हणजे हबाचा मृत्युलेख होय. अशा ठोकण्यानें बेअरिंग आंतून निकामी होतें, कारण सारा मार छर्ऱ्यांमधून जातो. पण जें टाकावयाचेंच आहे त्याला कोण जपतो?

बसविण्याचा प्रकार नेमका उलटा. तेथें ठोकणें वर्ज्य. बाजारांत याचे दाबयंत्र मिळतें, आणि त्याची किंमत नव्या चाकाच्या दिशेनें चालूं लागते. आम्हीं लोखंडी सामानाच्या दुकानांतून १० मिलिमीटरांची आट्यांची सळई, दोन नट आणि मुठीभर वॉशर आणले. सळई तुंब्यांतून आरपार घालावी, दोन्हींकडे वॉशर आणि नट लावावे, आणि पान्यानें नट आवळीत बेअरिंग आंत ओढून घ्यावें. नियम एकच : दाब बाहेरच्या कडीवर पडला पाहिजे. त्यासाठीं नुकतेंच काढलेलें जुनें बेअरिंग, बाहेरून थोडें घांसून, नव्याच्या पाठीवर ठेविलें. व्यास तोच, त्यामुळें त्याच्या बाहेरच्या कडीनें नव्याची बाहेरची कडी नीट पुढें सरते. मेलेल्याचा हा उपयोग आम्हांला फार आवडला. दुसऱ्या बाजूचें बेअरिंग मात्र एकाच वेळीं तुंब्यांत आणि आंसावर चढतें. तेथें रुंद, सपाट वॉशर लावून दोन्ही कड्यांवर सारखा दाब द्यावा लागतो. आंतली एकटी मागें राहिली किंवा एकटी पुढें गेली तर पन्हळीवर छर्ऱ्यांचे ठसे उमटतात, आणि नवें बेअरिंग जन्मतःच म्हातारें होतें.

आदल्या रात्रीं दोन्ही पुड्या शीतपेटींत, मटार आणि खवलेलें खोबरें यांच्यामध्यें ठेविल्या होत्या. त्याबद्दल घरांतून झालेली टीका येथें देत नाहीं. सकाळीं केस वाळविण्याच्या यंत्रानें तुंब्याचें तोंड तापविलें. यांत जादू कांहींच नाहीं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. २८ मिलिमीटरांचें भोंक ५० अंशांनीं तापविलें तर तें सुमारें ०.०३ मिलिमीटर मोठें होतें, आणि थंड बेअरिंग त्याच्या निम्म्यानें आकसतें. दोन्ही मिळून केसाच्या जाडीएवढीही भरत नाहीं. परंतु तेवढ्यावर सारें अवलंबून असतें. पहिलें बेअरिंग नटाच्या सहज फिरण्यासरशीं आंत गेलें, आणि तळाशीं टेकल्यावर पाना एकाएकीं जड झाला. येथें थांबावें, हें हाताला आपोआप कळलें. पुस्तकांतलें वाक्य डोळ्यांनीं वाचून कळणें आणि पान्याच्या दांड्यांतून कळणें, यांत फरक आहे; आमच्या वर्गाच्या माणसाला दुसरा अनुभव इतक्या उशिरां यावा, ही गोष्ट आमच्या शिक्षणाविषयीं बरेंच कांहीं सांगते. आमच्या लहानपणीं हाताला काळें लागलें तर तें अभ्यासाकडे दुर्लक्ष झाल्याचें लक्षण मानलें जाई. दुसऱ्या दिवशीं वर्गांत पुस्तक उघडतांना नखांत ग्रीसची काळी रेघ होती, आणि पहिल्या बाकावरच्या मुलांची नजर कवितेपेक्षां तिच्यावरच अधिक होती.

जुन्या डाव्या बेअरिंगाचा पडदा आम्हीं सुईनें उचकटून पाहिला. ग्रीस नव्हतेंच, विटकरी रंगाचा चिखल होता. तो पुसल्यावर आंतल्या कडीच्या पन्हळींत एका बाजूला, जेथें सारा भार येतो तेथें, पोलादाचे पापुद्रे निघालेले दिसले. मिस्त्रींच्या मिटल्या डोळ्यांनीं हें आधींच पाहिलें होतें. डावें गेलेलें आणि उजवें जाण्याच्या बेतांत, हा त्यांचा निवाडा शब्दशः खरा निघाला.

आणि येथेंच आमच्या मनाला एक टोंचणी आहे. जुना हब असता तर आम्हांला हें काम साधलें नसतें; कोन किती सैल ठेवावा हें आम्हांला सात जन्मांत कळलें नसतें. बंद डब्याच्या बेअरिंगानें ती पारख बोटांतून काढून नंबरांत घातली, म्हणून एका प्राध्यापकाला गच्चीवर बसून तें बदलतां आलें. परंतु ज्या सोयीनें आम्हांला आंत घेतलें, तिनेंच मिस्त्रींना बाहेर ठेविलें. चाळीस वर्षांची त्यांची विद्या आतां रोग ओळखण्यापुरती उरली. आणि रोग ओळखण्याचे पैसे सायकलीच्या धंद्यांत कोणी देत नाहीं. आम्हीं दिले, तेव्हां त्यांनीं ते घेतले नाहींत. “काम काय केलं मी?” असें ते म्हणाले. चकचकीत दुकानांत त्याच निदानासाठीं चुकीच्या उत्तराबरोबर एक छापील पावती मिळते.

घरचा प्रस्ताव अद्याप मागें घेतला गेलेला नाहीं. मात्र सायकल फाटकाशीं केव्हां आली हें आतां कळत नाहीं, अशी नवी तक्रार सुरू झाली आहे.

तयार चाक घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं तें आंसावर उचलून धरलें आणि सोडून दिलें. मोकळें चाक आपल्या जड बाजूकडे वळतें, आणि खालीं येऊन थांबण्यापूर्वीं घड्याळाच्या लंबकासारखें झुलतें. जुन्या, नीट लावलेल्या हबावर तें किती वेळ झुलतें यावर कारागिराची परीक्षा होत असे. आमचें चाक तीनदां झुलून थांबलें.

“जरा जड आहे.”

“पडदे नवे आहेत, मिस्त्री. घासतायत. शेंदोनशें किलोमीटरांनंतर सैल होतील.”

त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. टोकें चिमटींत धरून डोळे मिटले आणि आंस सावकाश फिरविला; एकदां पुढें, एकदां मागें. “हां. आत साफ आहे.” मग हात फ्रीहबाकडे गेला. त्याच्या पोटांतलीं दोन लहान बेअरिंगें निराळ्या नंबराचीं, आणि नाना पेठेंत तीं त्या दिवशीं शिल्लक नव्हतीं, म्हणून तशींच ठेविलीं होतीं. मिस्त्रींनीं फ्रीहब अर्धा वेढा फिरविला.

“यातलं बाहेरचं बघा, सर.”

दिवाळीच्या सुटींत, असें आम्हीं सांगितलें. सुटी लागली कीं सकाळीं लवकर घेऊन या, असें ते म्हणाले. पुतण्याचीं गिऱ्हाइकें येण्यापूर्वीं तेथें बसावयास जागा असते.